चूल, स्टोव्ह, गॅस आणि इंडक्शन : एक तुलनात्मक अभ्यास

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा, असे आपण प्राथमिक शाळेपासून घोकत आलो आहोत. त्यांपैकी अन्नाचा विचार करताना आपण धान्याचा विचार करतो, पावसाचा करतो, रेशनच्या दुकानाचा करतो. परंतु ते धान्य ज्या विस्तवावर शिजते त्या विस्तवाचा विचार क्वचितच करतो. कच्चे तांदूळ आणि कच्ची डाळ यांनी कोणाचे पोट भरत नाही. म्हणून स्वयंपाकाचा विस्तव हीही एक मूलभूत गरजच म्हटली पाहिजे.

मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. वर्गात 'संधी खर्च' ही संकल्पना शिकताना, म्हणजे एक गोष्ट निवडल्यामुळे जी दुसरी सोडावी लागते तिची किंमत, मला वारंवार स्वयंपाकघर आठवत असे. आमच्याच कुटुंबात आज तीन प्रकारचे विस्तव आहेत. गावाकडे आजीची चूल आहे, आईकडे गॅस आहे आणि शिक्षणासाठी मी ज्या खोलीत राहते तेथे विजेवर चालणारी इंडक्शन शेगडी आहे. या तिघींपैकी स्वस्तात कोण शिजवते, हा प्रश्न सोपा वाटतो. तो तसा नाही, हे दाखवण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

तुलनेची मापे

कोणत्याही दोन गोष्टींची तुलना करायची तर आधी माप ठरवावे लागते. सरपण किलोने मिळते, रॉकेल लिटरने, गॅस सिलिंडरने आणि वीज युनिटने. यांचे भाव एकमेकांशेजारी मांडून काहीच कळत नाही. म्हणून पहिले माप उष्णतेचे. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता असते, एक किलो रॉकेलमध्ये सुमारे १०,३००, एक किलो स्वयंपाकाच्या गॅसमध्ये सुमारे ११,००० आणि विजेच्या एका युनिटमध्ये ८६०.

पण इंधनातली सगळी उष्णता भांड्यात जात नाही. काही हवेत जाते, काही चुलीच्या मातीत मुरते, काही धुराबरोबर निघून जाते. जेवढी भांड्यापर्यंत पोहोचते तेवढीच आपल्या कामाची. तिचे शेकडा प्रमाण म्हणजे त्या शेगडीची कार्यक्षमता. हे दुसरे माप.

तिसरे माप आचेवरील ताब्याचे. दूध उतू जाऊ नये, पिठले बुडाला लागू नये, भाकरी फुगावी यासाठी आच क्षणात कमीजास्त करता आली पाहिजे. चौथे माप मात्र पुस्तकात सहसा सापडत नाही. ते म्हणजे शेगडीपुढे बसणाऱ्या किंवा उभ्या राहणाऱ्या व्यक्तीवर पडणारा भार. या चार मापांनी आता एकेक प्रकार पाहू.

चूल

तीन दगड मांडून केलेली चूल असो किंवा मातीने लिंपलेली वैलाची चूल असो, तिची कार्यक्षमता साधारणपणे दहा ते पंधरा टक्के असते. म्हणजे दहा लाकडांतले जेमतेम एक लाकूड भाताखाली जळते, उरलेली नऊ वातावरण तापवतात. असे असूनही चुलीचे काही गुण नाकारता येत नाहीत. वैलावर आमटी न जळता गरम राहते. भाकरी तव्यावर भाजून निखाऱ्यांपुढे उभी केली की टम्म फुगते. राख भांडी घासायला उपयोगी पडते. पावसाळ्यात घर उबदार राहते. शिवाय इंधनाचे बंधन नाही : लाकूड नसेल तर गोवऱ्या, त्या नसतील तर तुराट्या किंवा पऱ्हाट्या.

दोष आहे तो धुराचा. लाकूड पुरते जळत नाही, आणि अर्धवट जळालेले सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड वायू फुंकणी धरून बसलेल्या बाईच्या छातीत जातात. कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मापनयंत्रे लावून हा धूर मोजला. त्यांचा निबंध १९८३ साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत 'प्रदूषण' म्हणजे गिरणीची चिमणी, असेच समीकरण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

चूल सुधारण्याचे प्रयत्नही आपल्याकडे जुने आहेत. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत 'मगन चूल' तयार झाली. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकात धुराडे असलेल्या चुलीचा पुरस्कार केला. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तो २००२ पर्यंत चालला. या काळात कोट्यवधी चुली बांधल्या गेल्या, परंतु त्यांतल्या पुष्कळशा थोड्याच दिवसांत बंद पडल्या. धुराडे काजळीने तुंबे, ते साफ कोणी करायचे हे ठरलेले नसे, आणि मागच्या तोंडाला पुरेशी आच मिळत नसे. चुली किती बांधल्या याची नोंद झाली. तिच्यावर रोज कोणाला काय शिजवायचे आहे, हे विचारायचे राहून गेले.

पुण्याच्या 'आरती' या संस्थेने निराळी वाट धरली. उसाच्या पाचटापासून कांडी-कोळसा करायचा आणि वाफेवर शिजवणाऱ्या 'सराई' कुकरमध्ये शे-दीडशे ग्रॅम कोळशावर एका लहान कुटुंबाचा वरण-भात-भाजी करायची, अशी ती योजना. शेतात जाळून टाकले जाणारे पाचट कामी येते हा तिचा विशेष. मात्र तिच्यात भाकरी भाजता येत नाही.

स्टोव्ह

शहरातल्या चाळींतून चुलीला हटवले ते स्टोव्हने. स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट याने १८९२ च्या सुमारास पंपाचा स्टोव्ह तयार केला आणि 'प्रायमस' हे नाव आपल्याकडे घरोघरी रूढ झाले. पंपाने रॉकेलवर दाब द्यायचा, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती निळ्या ज्योतीने जळते. आच मोठी, वेळ थोडा; पण आवाज भरभर, पिन मारण्याचा त्रास आणि भडक्याची भीती कायमची. वातीचा स्टोव्ह त्या मानाने शांत, पण मंद आणि काजळी धरणारा. १९७० च्या दशकात इंडियन ऑइलच्या संशोधन विभागाच्या पुढाकाराने आलेल्या 'नूतन' स्टोव्हने वातीच्या स्टोव्हची कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या आसपास नेली. साध्या स्टोव्हची पन्नासच्या आगेमागे धरता येते.

स्टोव्हविषयी लिहिताना एक कटू गोष्ट टाळता येत नाही. १९७० आणि ८० च्या दशकांतील वृत्तपत्रांत 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही बातमी नित्याची होती. त्यांतले काही अपघात होते आणि काहींच्या आड हुंड्यासाठी केलेले खून होते. स्त्री-संघटनांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९८३ साली भारतीय दंडविधानात ४९८-अ हे कलम समाविष्ट झाले. स्वयंपाकाचे साधन हे केवळ तांत्रिक साधन नसते, घरातील सत्तेचे संबंधही त्याला चिकटलेले असतात, एवढाच बोध येथे घ्यायचा.

आज रॉकेलचा स्टोव्ह मागे पडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत घरात रॉकेल जाळू नये, असाच सल्ला दिला.

गॅस

मुंबईत १९५५ च्या सुमारास बर्मा-शेल कंपनीने 'बर्शेन' या नावाने सिलिंडरचा गॅस आणला. इंडियन ऑइलचा 'इंडेन' १९६५ साली कलकत्त्यात सुरू झाला. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीमुळे मुंबईच्या अनेक घरांत नळाने गॅस येऊ लागला. सिलिंडरातला गॅस म्हणजे प्रोपेन व ब्युटेन यांचे दाबाखाली द्रवरूप केलेले मिश्रण. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. सिलिंडर उभा ठेवावा आणि शेगडी त्याच्याहून उंच असावी, असा नियम आहे. त्यामुळे गॅसबरोबर घरात ओटा आला आणि शतकानुशतके जमिनीवर बसून रांधणारी बाई उभी राहिली. पाठीला व गुडघ्यांना हा बदल मोठा आहे.

भारतीय मानकानुसार घरगुती गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता निदान ६८ टक्के असावी लागते. ज्योत डोळ्यांना दिसते, हाताच्या एका वळणाने कमी होते, कोणतेही भांडे चालते. कढईचे बूड गोल असले तरी बिघडत नाही. ज्योत पिवळी दिसू लागली तर बर्नरची भोके तुंबली किंवा हवेचे प्रमाण बिघडले असे समजावे आणि साफसफाई करावी. गॅसचा धूर दिसत नाही, पण तोही जळताना नायट्रोजन डायऑक्साइड वायू सोडतो. तेव्हा गॅसच्या स्वयंपाकघरालाही खिडकी हवीच.

विजेच्या शेगड्या

विजेच्या शेगड्या मुख्यतः तीन प्रकारच्या. पहिली जुनी तारेची शेगडी किंवा हॉटप्लेट. तिची तार लाल होते, मग भांडे तापते, आणि बटण बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते. दुसरी काचेच्या पृष्ठभागाची इन्फ्रारेड शेगडी. तिच्यावर सपाट बुडाचे कोणतेही भांडे चालते, पण काच भाजण्याइतकी तापते. तिसरी इंडक्शन.

इंडक्शनचे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो आणि तेवढ्याच वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात लोखंडी बुडाचे भांडे ठेवले की बुडातच विद्युतप्रवाह निर्माण होऊन भांडे स्वतः तापते. शेगडी तापून भांड्याला उष्णता देते असे नाही, भांडेच शेगडी होते. म्हणून कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास जाते. तारेच्या शेगडीत ती सत्तर-पंचाहत्तर असते.

याच तत्त्वामुळे तिच्या मर्यादाही ठरतात. पितळ, तांबे आणि साधे ॲल्युमिनियम तिच्यावर तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तर भांडे चालेल, ही सोपी परीक्षा. बिडाचा तवा चालतो, पण वेटोळे लहान असल्यामुळे मोठ्या तव्याच्या कडा थंड राहतात. भांडे उचलताच ताप थांबतो, त्यामुळे फुलका किंवा भाकरी विस्तवावर टाकून फुगवण्याची सोय नाही. फडक्याने तव्यावरच दाबून फुगवावी लागते. साध्या शेगडीला २,००० वॉटपर्यंत वीज लागते, म्हणून मोठ्या पिनेचे सॉकेट आणि चांगली वायरिंग हवी. आणि वीज गेली की चूल विझली.

हिशेब

आता पहिली दोन मापे एकत्र करू. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. त्यासाठी साध्या चुलीत सुमारे १५० ग्रॅम लाकूड, साध्या स्टोव्हमध्ये सुमारे १८ मिलिलिटर रॉकेल, गॅसच्या शेगडीत सुमारे १० ग्रॅम गॅस आणि इंडक्शनवर युनिटचा सुमारे दहावा भाग खर्च होतो.

हेच गणित पुढे नेले तर १४.२ किलोच्या एका घरगुती सिलिंडरचे काम इंडक्शनवर करायला अंदाजे १४५ युनिट वीज लागते. म्हणजे सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागावे. येणारा आकडा आपल्या विजेच्या दरापेक्षा मोठा असेल तर इंडक्शन स्वस्त, लहान असेल तर गॅस स्वस्त. उदाहरणादाखल, सिलिंडर ८७० रुपयांना पडत असेल तर सीमारेषा युनिटला ६ रुपये. विजेचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात, हेही विसरू नये. एकट्या माणसाचे थोडे युनिट खालच्या टप्प्यात बसतील. मोठ्या कुटुंबाने सगळा स्वयंपाक विजेवर नेला तर बिल वरच्या टप्प्यात जाईल. तेव्हा एकाच गावात एका घराला एक उत्तर आणि शेजारच्या घराला दुसरे, असे होऊ शकते.

कोणत्याही शेगडीवर बचत करण्याचे उपाय मात्र सारखेच : डाळ व कडधान्य भिजवणे, झाकण ठेवणे, कुकर वापरणे आणि उकळी आल्यावर आच कमी करणे. उकळणारे पाणी मोठ्या आचेने अधिक गरम होत नाही, त्याची फक्त वाफ होते.

हिशेबात न धरलेला खर्च

येथपर्यंत सर्व ठीक. पण याच गणिताने एका सिलिंडरची बरोबरी करायला साध्या चुलीला २१० किलोंच्या वर लाकूड लागते. एक मोळी वीस किलोंची धरली तर दहा-अकरा मोळ्या. या मोळ्या कोण आणते? ती फाटी तोडणे, वाहणे, फोडणे, पावसाळ्यासाठी रचून ठेवणे, फुंकणे, काजळलेली भांडी घासणे, ही सर्व कामे बाईच्या वेळातून होतात. बाजारात मोळीला भाव आहे. घरच्या बाईने आणलेल्या मोळीची पावती मात्र कोणी फाडत नाही. म्हणून चूल 'फुकट' ठरते.

२०१६ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेचा अनुभव या दृष्टीने पाहावा. या योजनेतील आठ कोटीवी जोडणी २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या राज्यातच, औरंगाबादच्या कार्यक्रमात दिली गेली. एवढ्या घरांत गॅस पोहोचणे ही लहान गोष्ट नव्हे. तरीही पुष्कळ घरांत गॅस चहापुरता आणि पाहुण्यांपुरता राहिला, आणि रोजचा स्वयंपाक चुलीवरच चालू राहिला. याला केवळ 'अज्ञान' किंवा 'चुलीवरची चव' असे कारण देऊन चालणार नाही. सिलिंडर एकरकमी रोख पैशाने भरावा लागतो आणि रोख पैसा बहुधा पुरुषाच्या हातात असतो. लाकूड रोज थोडेथोडे, बाईच्या श्रमातून येते. जेथे एकाचा खर्च दुसऱ्याच्या वाचतो त्या घरात चुलीचा संधी खर्च कोणी काढतच नाही. ज्या घरांत मजुरीच आठवड्याची आहे तेथे तर पुरुषाच्या हातातही एकरकमी पैसा नसतो, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. म्हणून लहान सिलिंडर आणि हप्त्याची सोय यांचे महत्त्व जोडणीइतकेच आहे.

दुसऱ्या बाजूचेही थोडे पाहू. इंडक्शनवर धूर दिसत नाही, पण चंद्रपूर, कोराडी आणि परळी येथे आपल्या विजेसाठी कोळसा जळतो. औष्णिक केंद्रात कोळशातल्या उष्णतेच्या एक-तृतीयांशाच्या आसपासच वीज होते. वाटेतली घट धरली तर जेमतेम पाव भाग आपल्या भांड्यात येतो. म्हणजे आपल्या खोलीतला धूर नाहीसा झालेला नसतो, तो चंद्रपूरला गेलेला असतो. सूर्य आणि वारा यांपासूनची वीज जसजशी वाढेल तसतसा हा दोष कमी होईल. गॅसच्या बाबतीत, देशाला लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून आणावा लागतो, हीही परावलंबनाची बाब आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. एकट्यादुकट्याने खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला इंडक्शन सोयीची. मात्र वायरिंग तपासून आणि घरमालकाची परवानगी घेऊन. शहरातील चार-पाच माणसांच्या कुटुंबाने गॅस मुख्य ठेवावा आणि पाणी, दूध, कुकर यांसाठी इंडक्शन जोडीला घ्यावी. एक बंद पडले तरी दुसरे चालते. गावाकडे जनावरे असतील तर गोबर गॅस, नसतील तर सिलिंडर रोजच्या वापरात यावा आणि चूल अंगणात, उघड्या हवेत, पाणी तापवण्यापुरती व सणावारापुरती राहावी. भाकरीची चव हवी असेल तर तिच्यासाठी आठवड्यातून एकदा चूल पेटवायला हरकत नाही. मात्र चव ज्याला हवी त्याने फुंकणी हातात घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, शेगडीची निवड केवळ इंधनाच्या भावावरून करू नये. भांड्यात पोहोचलेली उष्णता, आचेवरील ताबा आणि शिजवणाऱ्या व्यक्तीचा वेळ व श्वास या सर्वांची बेरीज करावी. ही बेरीज बहुतेक घरांत होत नाही, कारण शेगडी निवडणारा एक असतो आणि तिच्यापुढे उभी राहणारी दुसरी. आपल्यापैकी पुष्कळ जण येत्या काही वर्षांत स्वतःचे घर मांडतील. तेव्हा जो शेगडीचे पैसे देणार असेल त्याने आधी आठवडाभर घरातल्या जुन्या शेगडीवर दोन्ही वेळचा स्वयंपाक करावा आणि मगच दुकानाची पायरी चढावी. अर्थशास्त्राच्या पुस्तकातील संधी खर्चाचे प्रकरण समजून घेण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी सुचत नाही.